मेंढा (लेखा)

मेंढा (लेखा) हे महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातले गोंड आदिवासींचे एक लहान गाव आहे. शेजारच्या लेखा या गावाच्या नावासह ते ओळखले जाते. भारतातील वनहक्क कायद्यान्वये सामूहिक वनहक्काचा अभिलेख सर्वप्रथम मिळालेल्या गावांत मेंढ्याची गणना होते (ऑगस्ट २००९). पुढे २०१३ मध्ये गावातील जमीनधारकांनी आपल्या शेतजमिनीची मालकी गावसमाजाकडे सोपवली आणि महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ अन्वये मेंढा ग्रामदानी गाव झाले. जंगल आणि शेती या दोन्हींची मालकी किंवा व्यवस्था गावाने एकत्रितपणे सांभाळणे व सर्व निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने घेणे, ही या गावाची मुख्य ओळख आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावातून सर्वत्र पोहोचली.

भूगोल आणि लोकजीवन

मेंढा हे गडचिरोली–धानोरा मार्गावर, गडचिरोली शहरापासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहे. कठाणी नदी गावाच्या परिसरातून वाहते. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भूभाग वनाच्छादित असून मेंढ्याच्या परंपरागत सीमेतही जंगलाचेच प्रमाण मोठे आहे. हे जंगल सुमारे १८०० हेक्टरांचे असून त्यात साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू ही झाडे व बांबूची बेटे आढळतात. त्या मानाने शेतीखालील क्षेत्र फारच थोडे आहे.

गावाची लोकसंख्या पाचशेच्या आसपास असून जवळपास सर्व कुटुंबे गोंड समाजाची आहेत. घरात व गावसभेत गोंडी बोलली जाते. शाळेत आणि कचेरीत मराठी वापरली जाते. तरुणतरुणींच्या शिक्षणाचे, नाचगाण्याचे व गावबैठकीचे केंद्र असलेले गोटुल ही येथील जुनी संस्था आहे.

इतिहास

जमीनदारी, निस्तार आणि राखीव जंगल

ब्रिटिश काळात आजचा गडचिरोली जिल्हा मध्य प्रांतातील चांदा जिल्ह्याचा भाग होता व त्याचा मोठा प्रदेश जमीनदारांच्या ताब्यात होता. गावकरी जंगलातून घरबांधणीचे लाकूड, सरपण, चारा, बांबू आणि मोहफुले आणत. रोजच्या गरजा भागवण्याच्या या हक्कांना ‘निस्तार’ म्हणत. १९५० च्या कायद्याने मध्य प्रदेशातील जमीनदारी व मालगुजारी नष्ट झाली. त्यानंतर जंगले शासनाकडे गेली. निस्तार हक्कांची नोंद झाली, तरी त्यांचा वापर हळूहळू वनविभागाच्या परवानगीवर अवलंबून राहू लागला.

१९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. या प्रदेशातील बांबू कागद उद्योगाला दीर्घ मुदतीच्या करारांनी पुरवला जाऊ लागला. त्यामुळे एकीकडे जंगलात कंत्राटी तोड होत होती आणि दुसरीकडे घराच्या कुडासाठी बांबू आणणारा गावकरी गुन्हेगार ठरत होता. जंगल आपले आहे ही गावाची समजूत आणि ते सरकारचे आहे ही कागदावरची नोंद, या दोहोंमधील अंतर हा मेंढ्याच्या पुढील इतिहासाचा गाभा आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात गोदावरीवरील इचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपट्टणम या प्रस्तावित धरणांविरुद्ध गडचिरोली व शेजारच्या बस्तर भागात आंदोलन उभे राहिले. धरणांमुळे विस्तीर्ण जंगल आणि अनेक आदिवासी गावे बुडणार होती. बाबा आमटे यांच्या पुढाकाराने चाललेले हे आंदोलन ‘जंगल बचाव, मानव बचाव’ या नावाने ओळखले जाते. मेंढ्यातील गावकरीही त्यात सहभागी झाले. मेंढ्याचे देवाजी तोफा याच काळात कार्यकर्ते म्हणून पुढे आले.

धरणांचे काम मागे पडले. आंदोलनात ‘आमचे जंगल’ ही भाषा रुजली होती. मात्र त्या जंगलावर गावाचा प्रत्यक्ष अधिकार कोणता, हा प्रश्न आंदोलन ओसरल्यावरही शिल्लक राहिला.

गोटुलचा प्रश्न

परंपरेनुसार गोटुलची इमारत गावाच्या जंगलातील सागवानी लाकडाने बांधली जाते. १९८० च्या दशकात मेंढ्याने गोटुल नव्याने उभारले, तेव्हा लाकूड विनापरवाना वापरल्याच्या कारणावरून वनविभागाने कारवाई करून ते काढून नेले. परिसरातील गावे या प्रश्नावर एकत्र आली. गोटुल पाडले गेले तर ते गावोगावी बांधू, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि मेंढ्यात गोटुल पुन्हा उभे राहिले. एका इमारतीच्या लाकडावरून सुरू झालेल्या या वादातून गावाने एकत्र बसून निर्णय घेण्याची सवय पक्की केली.

ग्रामसभेची घडण

१९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘वृक्षमित्र’ या संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांचा मेंढ्याशी संबंध आला. जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून आणि सर्वोदय विचारातून घडलेले हे कार्यकर्ते सर्वसहमतीने कारभार चालवू इच्छिणाऱ्या गावाच्या शोधात होते. त्यांनी गावाचे नेतृत्व स्वीकारले नाही. माहिती पुरवणे आणि अभ्यासाला मदत करणे एवढीच आपली भूमिका त्यांनी मर्यादित ठेवली. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

या काळात ग्रामसभेने काही मूलभूत निर्णय घेतले. गावात दारू गाळणे व विकणे बंद करण्यात आले; दारूबंदीच्या निर्णयात स्त्रियांचा पुढाकार मोठा होता. जंगलातील वणवे रोखणे, तोडीवर मर्यादा घालणे, घरटी पाळीने जंगलात गस्त घालणे आणि वनजमिनीवर नवे अतिक्रमण न करणे हे नियम ठरले. नदीत विष कालवून मासे मारण्याची पद्धत बंद झाली. मधाचे पोळे जाळून मध काढण्याऐवजी मधमाश्यांना इजा न करता मध काढण्याचे प्रशिक्षण गावातील तरुणांनी घेतले. जंगलात येणाऱ्या कोणत्याही शासकीय किंवा खाजगी यंत्रणेने आधी ग्रामसभेची परवानगी घ्यावी, असा आग्रह गावाने धरला.

संयुक्त वन व्यवस्थापन आणि पेसा कायदा

१९९० च्या दशकात महाराष्ट्रात संयुक्त वन व्यवस्थापनाची योजना लागू झाली. ती मुख्यतः विरळ झालेल्या, पुन्हा वाढवायच्या जंगलांसाठी होती. मेंढ्याचे जंगल दाट असल्याने ते योजनेच्या निकषात बसत नव्हते. जंगल राखणाऱ्या गावाला वगळून ते उजाड झालेल्या गावालाच वाटा देणे अन्यायाचे आहे, असा युक्तिवाद करून मेंढ्याने योजनेत प्रवेश मिळवला.

१९९६ मध्ये संसदेने अनुसूचित क्षेत्रांसाठी पंचायत विस्तार कायदा (पेसा) संमत केला. त्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे देण्याचे तत्त्व मान्य केले. तथापि, महाराष्ट्राने १९९७ मध्ये त्यासाठी केलेल्या कायद्याच्या यादीतून तेंदूपान आणि बांबू हे सर्वाधिक उत्पन्नाचे घटक वगळले गेले.

सामूहिक वनहक्क

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ हा कायदा नियमांसह जानेवारी २००८ पासून अंमलात आला. वननिवासींवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाची कबुली या कायद्याच्या प्रास्ताविकातच आहे. व्यक्तिगत कसणुकीच्या हक्काबरोबरच गावाच्या परंपरागत सीमेतील सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा हक्क त्यात मान्य करण्यात आला.

मेंढ्याच्या अभ्यास गटाने कायद्याचे वाचन केले. ग्रामसभेने वनहक्क समिती निवडली, परंपरागत सीमेचा नकाशा, निस्तार नोंदी आणि वडीलधाऱ्यांचे जबाब जोडून दावा तयार केला. उपविभागीय व जिल्हास्तरीय समित्यांच्या पडताळणीनंतर ऑगस्ट २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मान्य झाला. याच वेळी जिल्ह्यातील मर्दा या गावालाही असा हक्क मिळाला. जंगल शासनाच्याच नावे राहिले. त्याची व्यवस्था पाहण्याचा आणि वनोपजाचा लाभ घेण्याचा कायदेशीर अधिकार ग्रामसभेला मिळाला.

बांबूचा वाद

हक्क मिळाल्यानंतर ग्रामसभेने बांबू विकण्याचे ठरवले. त्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देण्यास वनविभागाने नकार दिला. वाद दोन कायद्यांतील व्याख्यांचा होता. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये ‘वृक्ष’ या संज्ञेत बांबूचा समावेश होता; २००६ च्या कायद्याने मात्र बांबूला स्पष्ट शब्दांत गौण वनोपज म्हटले होते. बांबू वृक्ष ठरला तर तो लाकूड म्हणून वनविभागाच्या अखत्यारीत राहणार होता. वनोपज ठरला तर तो ग्रामसभेचा होता. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवत आहे.

ग्रामसभेने नियमभंगाची वाट न धरता पत्रव्यवहार आणि प्रतीकात्मक विक्री यांद्वारे प्रश्न मांडला. मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी सर्व राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज मानण्यास सांगितले. २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यात झालेल्या कार्यक्रमात, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत, वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. पूर्वी वनविभागाकडे असलेले परवाना देण्याचे काम त्या दिवसापासून मेंढ्यापुरते ग्रामसभेकडे आले.

पहिल्याच हंगामात बांबूविक्रीतून ग्रामसभेला सुमारे एक कोटी रुपये मिळाले. तोडणीची मजुरी गावकऱ्यांना मिळाली आणि उरलेली रक्कम ग्रामसभेच्या खात्यात जमा झाली. एवढी उलाढाल सांभाळण्यासाठी ग्रामसभेला आयकर विभागाकडून पॅन क्रमांक घ्यावा लागला. पुढे रोजगार हमी योजनेची कार्यान्वयन यंत्रणा म्हणूनही ग्रामसभेला मान्यता मिळाली. २०१७ मध्ये वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला.

ग्रामदान

ग्रामदानाची कल्पना भूदान चळवळीतून निघाली. मार्च १९५१ मध्ये विनोबा भावे वर्धा जिल्ह्यातून पायी तेलंगणाकडे निघाले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे त्यांना पहिले भूदान मिळाले. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातील मंगरोठ हे पहिले ग्रामदानी गाव झाले. भूदानात जमीन एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाते. ग्रामदानात व्यक्तिगत मालकीच गावसमाजात विलीन होते. वर्ध्याजवळचा पवनार आश्रम हे या चळवळीचे एक वैचारिक केंद्र राहिले. महाराष्ट्राने १९६४ मध्ये ग्रामदानाचा कायदा केला, परंतु काही वर्षांतच चळवळीचा वेग मंदावला आणि कायदा जवळपास विस्मरणात गेला.

मेंढ्यात या कायद्याचा अभ्यास वनहक्क मिळाल्यानंतर सुरू झाला. जंगल सामूहिक झाले, पण शेती व्यक्तिगत राहिली, तर पैशाच्या गरजेपोटी जमीन गावाबाहेर जाण्याची आणि गावाची एकी दुबळी होण्याची शक्यता राहते, असा विचार ग्रामसभेत मांडला गेला. आदिवासींच्या जमिनीचे बिगर आदिवासींकडे हस्तांतर करण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने निर्बंध घातले आहेत. ग्रामदानाने गावाने स्वतःहून त्यापुढचे बंधन स्वीकारले. दीर्घ चर्चेनंतर, सर्व कुटुंबांची संमती मिळाल्यावर, घोषणापत्रे भरण्यात आली व २०१३ मध्ये मेंढा ग्रामदानी गाव झाले. ग्रामदानी गावाला मिळणारे पंचायतीचे अधिकार प्रत्यक्षात यावेत यासाठी ग्रामसभेला मात्र दीर्घकाळ पाठपुरावा करावा लागला. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला.

ग्रामदानाचे स्वरूप

महाराष्ट्राच्या कायद्यानुसार ग्रामदानाची मुख्य वैशिष्ट्ये अशी आहेत:

• गावातील किमान ७५ टक्के जमीनधारकांनी मालकी समर्पित करावी लागते व ती जमीन गावातील एकूण जमिनीच्या किमान ६० टक्के असावी लागते.

• समर्पित जमिनीचा विसावा हिस्सा (५ टक्के) भूमिहीनांना कसण्यासाठी दिला जातो.

• उरलेली जमीन मूळ धारक व त्याचे वारस पूर्ववत कसतात आणि तिचे पीक घेतात.

• ही जमीन गावाबाहेर किंवा ग्रामदानात सहभागी नसलेल्या व्यक्तीला विकता येत नाही.

• उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा (२.५ टक्के) ग्रामकोषात जमा केला जातो. त्यातून अडीअडचणीला मदत किंवा गावाची कामे केली जातात.

सहकारी शेतीहून वेगळेपण

ग्रामदान आणि संयुक्त सहकारी शेती या भिन्न व्यवस्था आहेत. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला होता. त्यात जमिनी एकत्र करून संस्थेमार्फत कसणे आणि उत्पन्न वाटून घेणे अपेक्षित होते. शेतकऱ्याला आपले शेत गमावण्याची भीती वाटल्याने व राजकीय विरोधामुळे तो ठराव व्यापक प्रमाणावर अंमलात आला नाही. महाराष्ट्रात या पद्धतीचे मोजके प्रयोग झाले. सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे मधुकर देवल यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली दलित शेतकऱ्यांची संयुक्त सहकारी शेती संस्था हे त्यांतील उल्लेखनीय उदाहरण आहे.

ग्रामदानात याउलट मालकी एकत्र होते आणि कसणूक कुटुंबाकडेच राहते. मेंढ्यातील शेतकरी आपापल्या बांधीतच धान पिकवतो. मात्र ती जमीन कोणाला द्यायची, याचा अंतिम निर्णय त्याच्या एकट्याचा राहत नाही.

ग्रामसभेची कार्यपद्धती

ग्रामसभेत गावातील सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांचा समावेश होतो. प्रत्येक घरातून किमान एक स्त्री व एक पुरुष बैठकीला असावा, असा संकेत आहे. निर्णय बहुमताने होत नाहीत. एकाचाही ठाम विरोध असेल तर विषय पुढील बैठकीपर्यंत थांबवला जातो आणि विरोधामागील कारणावर पुन्हा चर्चा होते. बहुमताने घेतलेल्या निर्णयात हरलेला गट तयार होतो व लहान गावात तो निर्णय टिकत नाही, असे यामागील स्पष्टीकरण दिले जाते.

ग्रामसभेला पूरक म्हणून अभ्यास गट काम करतो. त्यात कोणीही येऊ शकते, बाहेरचे तज्ज्ञही बोलावले जातात, परंतु तेथे निर्णय होत नाही. अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा आणि निर्णय ग्रामसभेत करायचा, ही विभागणी कटाक्षाने पाळली जाते. गोटुल, पेसा, वनहक्क आणि ग्रामदान या सर्व प्रश्नांत हीच पद्धत वापरली गेली.

शेती आणि उपजीविका

धान हे मुख्य पीक असून शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. बांधबंदिस्ती, मजगी, नालाबांध आणि तळ्यांची कामे ग्रामसभेने शासकीय योजनांतून करून घेतली आहेत. शेतीचे उत्पन्न वर्षभर पुरत नसल्याने वनोपजाला महत्त्व आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मोहफुले, त्यानंतर तेंदूपान, तसेच चारोळी, हिरडा, डिंक आणि मध गोळा केले जातात. बांबूच्या तोडणीतून हंगामी मजुरी मिळते. ग्रामसभा होण्यापूर्वी हीच कामे कंत्राटदाराच्या दराने करावी लागत. आता मजुरीचा दर आणि विक्रीची पद्धत ग्रामसभा ठरवते.

प्रभाव

मेंढ्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात मोठ्या संख्येने ग्रामसभांनी सामूहिक वनहक्काचे दावे केले व देशात असे हक्क सर्वाधिक प्रमाणात मान्य झालेल्या जिल्ह्यांत त्याचा समावेश झाला. अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपानाची विक्री स्वतः करू लागल्या. पेसा कायद्याचे महाराष्ट्रातील नियम २०१४ मध्ये आले. विद्यार्थी, प्रशासकीय अधिकारी, संशोधक आणि इतर राज्यांतील गावकरी मेंढ्याला अभ्यासासाठी भेट देतात. निसर्गसंवर्धन व स्थानिक स्वशासन या विषयांवरील लेखनात मेंढ्याचे उदाहरण वारंवार येते.

मर्यादा आणि आक्षेप

मेंढ्याचा नमुना सर्वत्र लागू होईल का, याबद्दल मतभेद आहेत. लोकसंख्या कमी, समाज एकसंध आणि जंगल विपुल असल्याने येथे सर्वसहमती शक्य झाली. अनेक जातींच्या, मोठ्या व विषम जमीनधारणेच्या गावात ती अवघड आहे, असा आक्षेप घेतला जातो. सर्वसहमतीच्या पद्धतीला वेळ लागतो आणि प्रत्येक बैठकीसाठी मजुरी बुडवून यावे लागते, हाही मुद्दा मांडला जातो. ग्रामदानी जमीन व्यक्तिगत तारण ठेवता येत नसल्याने कर्ज मिळण्यात अडचण येते, ही ग्रामदानाबद्दलची जुनी तक्रार आहे. समर्थकांच्या मते याच बंधनामुळे कर्जापायी जमीन जाण्याचा धोका टळतो.

बांबूचे उत्पन्नही सदासर्वकाळ सारखे राहत नाही. या भागातील बांबूला अनेक दशकांतून एकदा फुलोरा येतो आणि त्यानंतर बेटे वाळून जातात. नवी बेटे तोडणीयोग्य होईपर्यंत ग्रामसभेला वाट पाहावी लागते. किती बांबू तोडायचा आणि किती राखायचा, हा प्रश्न पूर्वी वनविभागाच्या आराखड्याचा होता. आज तो ग्रामसभेपुढील कायमचा विषय आहे आणि त्याचे उत्तर चुकल्यास त्याची झळ सर्वप्रथम गावालाच बसते.